जुन्या गाडीचा तपासणी-इतिहास

ब्रिटनमध्ये वापरलेली मोटार विकत घेण्यापूर्वी तिचा तपासणी-इतिहास कोणालाही पाहता येतो. नंबरप्लेटवरचा क्रमांक सरकारच्या एमओटी नोंदींच्या सेवेत टाकला, की त्या गाडीच्या प्रत्येक वार्षिक तपासणीची तारीख, पास-नापासचा निकाल, त्या दिवशीचा मीटरचा आकडा, नापास होण्याची कारणे आणि तपासनिसाचे शेरे एकाखाली एक दिसतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि मालकाची परवानगीही लागत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या २००५ पासूनच्या तपासण्या या नोंदींत आहेत, तर उत्तर आयर्लंडमधल्या २०१७ पासूनच्या. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसाला भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने गाडी चालवता येते आणि त्याने घेतलेली पहिली गाडी बहुधा जुनीच असते. परक्या मुलुखात ओळखीचा मेकॅनिक नसताना ही नोंद त्याच्या फार उपयोगी पडते. मात्र ती नीट वाचावी लागते. शेवटच्या ओळीतला ‘पास’ हा शब्द बघून समाधान मानणाऱ्याला तिचा फारसा फायदा होत नाही. खरी माहिती असते ती वर्षानुवर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात.

एमओटी ही ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ची आद्याक्षरे. त्या नावाचे खाते आता उरलेले नाही, पण तपासणीचे नाव तेच राहिले. १९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने दिलेल्या अधिकाराखाली, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, १९६० मध्ये ही तपासणी सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या तपासल्या जात आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. पहिल्याच फेऱ्यांत इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ च्या अखेरीस ही वयोमर्यादा सात वर्षांवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली. तपासणीची यादीही वाढत गेली. १९६८ मध्ये टायर आले. १९७७ मध्ये वायपर, इंडिकेटर, हॉर्न, सायलेन्सर आणि बॉडीची अवस्था यांची भर पडली. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या धुराची तपासणी सुरू झाली आणि काही वर्षांत डिझेलचीही. तरीही २००५ पर्यंत सगळा कारभार कागदावर होता. प्रमाणपत्र हरवले की त्याबरोबर पुरावाही जाई आणि खोटे प्रमाणपत्र ओळखणे अवघड असे. तपासणी केंद्रे संगणकाने जोडली गेल्यावर अधिकृत नोंद मध्यवर्ती माहितीसाठ्यात राहू लागली आणि हातातले प्रमाणपत्र हे तिची प्रत ठरले. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने या साठ-पासष्ट वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच.

गाडी पहिल्यांदा नोंदवल्यापासून तीन वर्षांनी पहिली एमओटी करावी लागते आणि त्यानंतर दरवर्षी. उत्तर आयर्लंडमध्ये मोटारींची पहिली तपासणी चार वर्षांनी होते आणि ती सरकारी केंद्रांतच होते. बाकी ब्रिटनमध्ये हे काम डीव्हीएसए या सरकारी संस्थेने मान्यता दिलेली गॅरेजे करतात. निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण ही त्यांची खूण. मोटारीसाठी कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. अनेक गॅरेजे त्याहून कमी पैसे घेतात, कारण पुढच्या दुरुस्तीचे काम आपल्याकडेच येईल अशी त्यांची अपेक्षा असते. दोष दाखवणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा एकच असावा, हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे. म्हणूनच बरेच जण नगरपालिकांच्या तपासणी केंद्रांत गाडी नेणे पसंत करतात, कारण ही केंद्रे बाहेरच्या ग्राहकांची दुरुस्ती सहसा करत नाहीत. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. हौसेने जुनी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अशा गाडीची नोंद कोरी असली तरी त्यात नियमभंग नाही, पण आधारही काही नाही.

२० मे २०१८ पासून दोषांची वर्गवारी बदलली आणि नोंद वाचणे सोपे झाले. ‘डेंजरस’ म्हणजे रस्त्यावर तत्काळ धोका निर्माण करणारा दोष. तो निघाला की गाडी नापास होते आणि दुरुस्तीशिवाय ती चालवता येत नाही. ‘मेजर’ दोषानेही गाडी नापास होते. ‘मायनर’ दोष असला तर गाडी पास होते, पण तो लवकर दुरुस्त करायचा असतो. चौथा प्रकार ‘ॲडव्हायझरी’, म्हणजे आज दोष नाही, पण उद्या होऊ शकतो, नजर ठेवा, असा तपासनिसाचा शेरा. २०१८ पूर्वीच्या नोंदींत पास, नापास आणि ॲडव्हायझरी एवढेच असते. शेरे ठरावीक शब्दांत असतात. ‘पुढच्या ब्रेक डिस्कवर झीज’, ‘टायर कायदेशीर मर्यादेच्या जवळ’, ‘सस्पेन्शन आर्मचा बुश किंचित खराब’, ‘सबफ्रेमवर गंज’ अशी ही भाषा थोड्या सरावाने कोणालाही कळू लागते.

नोंद उघडल्यावर आधी जुळवायची ती ओळख. कंपनी, मॉडेल, रंग, इंधन आणि पहिल्या नोंदणीची तारीख ही समोर उभ्या असलेल्या गाडीशी जुळायला हवी. ब्रिटनमध्ये हौसेची नंबरप्लेट एका गाडीवरून दुसरीवर नेता येते. त्यामुळे प्लेटवरून गाडीचे वय ओळखणे फसवे ठरू शकते, आणि काचेखालचा व बॉडीवरचा चॅसी नंबर लॉगबुकशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. लॉगबुक म्हणजे व्ही-फाइव्ह-सी हा नोंदणी दस्तऐवज. त्यावर नाव असते ते गाडी ठेवणाऱ्याचे. तो मालकीचा पुरावा नव्हे आणि तसे त्यावरच छापलेले असते. त्याचा आणखी एक उपयोग आहे. त्यावरचा अकरा आकडी संदर्भ क्रमांक नोंदींच्या सेवेत दिला, तर प्रत्येक तपासणी कोणत्या केंद्रात झाली हेही कळते. विकणारा लॉगबुक दाखवायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

मग मीटरचा आकडा. तिकडे तो मैलांत असतो आणि सर्वसाधारण घरगुती गाडी वर्षाला सात-आठ हजार मैल चालते. दरवर्षीच्या आकड्यातून आधीच्या वर्षीचा आकडा वजा करून फरक बाजूला लिहून काढला, की गाडीच्या मालकांचे जगणेच डोळ्यांसमोर येते. वर्षाला पंधरा हजार मैल म्हणजे हमरस्त्यावरचा लांबचा रोजचा प्रवास. दोन हजार म्हणजे बाजारहाट आणि शाळेच्या फेऱ्या. गंमत अशी की जास्त मैल नेहमीच वाईट नसतात आणि कमी मैल नेहमीच चांगले नसतात. गरम इंजिनाने सलग धावलेली गाडी पुष्कळदा चांगल्या अवस्थेत असते. उलट, रोज पाच-दहा मिनिटेच चाललेल्या डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. हा फिल्टर काढून टाकलेला आढळला तर २०१४ पासून गाडी नापास होते.

आकडा मागे गेलेला दिसला तर लगेच फसवणूक गृहीत धरू नये, पण खुलासा मागावा. टंकताना ४५,००० चे ५४,००० होतात आणि पुढच्या वर्षी गाडी ‘मागे’ आलेली दिसते. अशा चुकीत एकच आकडा रांगेबाहेर जातो, त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे मात्र सुसंगत असतात. परदेशातून आणलेल्या गाडीत किलोमीटर आणि मैल यांची सरमिसळ झालेली असते. डॅशबोर्डचे मीटर खराब झाल्यामुळे बदललेले असेल तर त्याचे बिल असायला हवे. आणि मीटर मुद्दाम मागे फिरवलेले असेल, तर ते विकताना लपवणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. मीटरमध्ये फेरफार करणाऱ्यासाठी सर्वांत सोयीचा काळ म्हणजे पहिल्या एमओटीच्या आधीची तीन वर्षे, कारण तोवर सरकारी नोंदीत एकही आकडा नसतो. हप्त्यांवर किंवा भाडेकरारावर घेतलेल्या बऱ्याच गाड्या तीन वर्षांनीच परत जातात आणि करारापेक्षा जास्त मैल झाले तर दंड भरावा लागतो. म्हणजे मोह आणि संधी एकाच वेळी येतात. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या गाडीसाठी एमओटीपेक्षा सर्व्हिसिंगची बिले अधिक मोलाची. त्या प्रत्येक बिलावर मीटरचा आकडा लिहिलेला असतो.

आकड्यांनंतर शेरे. एखादा शेरा एकदाच येऊन गेला तर तो सामान्य झिजेचा भाग. तोच शेरा तीन वर्षे लागोपाठ येत असेल तर मालकाने गाडीकडे पाहिलेले नाही, हे उघड आहे. टायरची झीज हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. कायद्याप्रमाणे टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर हवी. टायर झिजले, बदलले, पुन्हा झिजले, यात काळजीचे कारण नाही. पण ‘आतल्या कडेला झीज’ असा शेरा टायर बदलल्यावरही परत येत असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले आहे, सस्पेन्शनचा एखादा भाग खिळखिळा आहे किंवा कधीतरी गाडी जोरात आपटलेली आहे. अपघाताचा उल्लेख एमओटीत नसतो, पण त्याची सावली अशा ओळींत पडते.

गंजाचा शेरा मात्र पहिल्यांदा आला तरी गंभीरपणे घ्यावा. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर गाडीच्या पोटाला चिकटून राहते आणि सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंग व सिलच्या पत्र्याला खात जाते. गंज स्वतःहून थांबत नाही. पहिल्या वर्षी ‘किंचित गंज’, पुढच्या वर्षी नुसता ‘गंज’ आणि तिसऱ्या वर्षी नापास, असा त्याचा नेहमीचा क्रम. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा फार कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते आणि तिथे वेल्डिंग करावे लागते. हे काम पुष्कळदा जुन्या गाडीच्या किमतीला परवडत नाही. गंजाचे शेरे दोन वर्षे येऊन अचानक नाहीसे झाले आणि गाडीच्या पोटाला ताजा काळा लेप दिसला, तर लेपाखाली काय आहे हे विचारायलाच हवे. तपासनिसाला लेप खरवडून बघायची मुभा नसते. आणखी एक शेरा वारंवार दिसतो, तो म्हणजे ‘खाली संरक्षक पत्रा बसवलेला असल्याने काही भाग दिसले नाहीत’. हा दोष नव्हे. तपासनिसाला जे पाहता आले नाही ते त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नापास झालेली तपासणी दिसली की अनेक जण गाडी सोडून देतात. ते घाईचे आहे. नापास होण्याच्या कारणांत दिव्यांचा वाटा फार मोठा असतो. मागचा बल्ब उडालेला असतो, दहा मिनिटांत बदलला जातो आणि त्याच दिवशी गाडी पास होते. यावरून फार तर इतकेच कळते की मालक तपासणीच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारत नाही. ब्रेकची नळी गंजल्याने नापास होऊन दोन दिवसांनी पास झालेली, आणि नळी बदलल्याचे बिल असलेली गाडी ही खरे तर सांभाळलेली गाडी म्हणायला हवी. संशय घ्यायचा तो वेगळ्या प्रकाराचा. एका केंद्रात मोठ्या गंजासाठी नापास झालेली गाडी दोन तासांनी दुसऱ्या गावातल्या केंद्रात एकाही शेऱ्याशिवाय पास झाली, तर मधल्या वेळात दुरुस्ती झालेली असणे शक्यच नाही. गाडी न बघताच प्रमाणपत्र देणारी केंद्रे अधूनमधून पकडली जातात आणि डीव्हीएसए त्यांच्यावर खटलेही भरते. नोंदीत अशा तपासणीची खूण सहसा एकच असते. आधीच्या वर्षी पाच-सहा शेरे, एका वर्षी एकही नाही आणि त्यानंतरच्या वर्षी तेच शेरे वाढून परत.

नोंदींतली खिंडारेही वाचता आली पाहिजेत. २०२० मध्ये कोविडमुळे ३० मार्च ते ३१ जुलै या काळात संपणाऱ्या एमओटींना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. त्यामुळे त्या वर्षीची तपासणी सहा महिने उशिरा झालेली दिसली तर त्यात वावगे काही नाही. गाडी रस्त्यावर न आणण्याची घोषणा करून ती अंगणात किंवा गॅरेजात ठेवता येते आणि तोवर एमओटीही लागत नाही. पण दोन-तीन वर्षे उभी राहिलेली गाडी जशीच्या तशी राहत नाही. ब्रेक डिस्क गंजतात, रबरी सील वाळतात, टायर एका बाजूला चपटे होतात, बॅटरी मरते आणि टाकीतले पेट्रोल शिळे होते.

हे सारे एकत्र कसे वाचायचे ते एका काल्पनिक नोंदीवरून पाहता येईल. समजा, एप्रिल २०१४ मध्ये नोंदवलेली एक लहान पेट्रोल गाडी आहे. एप्रिल २०१७ ला २४,६०० मैल, पास, शेरा नाही. २०१८ ला ३३,१००, पास, पुढचे टायर आतल्या कडेला झिजलेले. २०१९ ला ४१,७००, मागच्या ब्रेकलाइटमुळे नापास, त्याच दिवशी पास, टायरचा शेरा तोच. पुढची तपासणी ऑक्टोबर २०२० ला, ४७,३०० मैल. ऑक्टोबर २०२१ ला ५२,९००, सबफ्रेमवर किंचित गंज. ऑक्टोबर २०२२ ला ५९,८००, सबफ्रेमवर गंज आणि मागची स्प्रिंगही गंजलेली. त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२४, ६०,४०० मैल, पास, शेरा नाही. जाहिरातीत लिहिलेले असते, ‘कमी चाललेली, पूर्ण वर्षाची एमओटी’.

पहिल्या पाच वर्षांचा हिशेब सरळ आहे. वर्षाला आठ-साडेआठ हजार मैल, म्हणजे रोजच्या वापरातली गाडी. २०२० चा उशीर मुदतवाढीने समजतो आणि मैल कमी होणेही त्या वर्षाला साजेसे आहे. टायरची आतली झीज दोनदा आली आणि नंतर नाहीशी झाली. तिथे अलाइनमेंटचे किंवा बुश बदलल्याचे बिल विचारावे, ते मिळाले तर विषय संपला. खरा प्रश्न शेवटच्या दोन वर्षांचा. पंचवीस महिन्यांत अवघे सहाशे मैल. गाडी उभी होती किंवा मीटरला हात लागला, या दोनच शक्यता. उभी असेल तर २०२३ मध्ये एमओटी नसणे जुळते, पण मग गंज वाढायला हवा होता. तो तर पार नाहीसा झालेला आहे. सबफ्रेम आणि स्प्रिंग बदलली असेल तर ते मोठे काम आहे आणि त्याचे बिल नसण्याचे कारण नाही. नसेल, तर लेप तरी लावला आहे किंवा तपासणी तरी ढिली झाली आहे. अशी गाडी लिफ्टवर उचलून, स्वतः निवडलेल्या मेकॅनिककडून पोटाखालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. गाडी न बघता, केवळ सात-आठ ओळींवरून काय आणि कुठे बघायचे हे ठरले, हे या नोंदीचे बळ.

तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. एमओटी म्हणजे त्या दिवशी, त्या वेळी, गाडी सुरक्षिततेच्या आणि प्रदूषणाच्या किमान अटींत बसली एवढेच. इंजिनाची, क्लचची आणि गिअरबॉक्सची अवस्था तीत तपासलीच जात नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे ती सांगत नाही, आणि काही इंजिनांत तो तुटला तर इंजिनच निकामी होते. तपासनीस कोणताही भाग सोडवून बघत नाही. विजेवरच्या गाडीला धुराची तपासणी नसते आणि तिच्या बॅटरीची किती ताकद उरली आहे याचा एमओटीत उल्लेख नसतो, जरी गाडीची बरीचशी किंमत त्या बॅटरीवर ठरत असली तरी. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, विमा कंपनीने अपघातानंतर ती निकालात काढली होती का, हेही इथे कळत नाही. त्यासाठी पैसे देऊन खासगी अहवाल घ्यावा लागतो. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्यांचे ऑक्टोबर २०१७ पासून चार वर्ग आहेत. ‘ए’ आणि ‘बी’ पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाहीत. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा झालेली आणि ‘एन’ म्हणजे सांगाड्याला इजा नसलेली, या दोन्ही दुरुस्त होऊन परत येतात आणि एमओटीत निर्धास्त पास होतात. कंपनीने सुरक्षेसाठी परत बोलावलेल्या गाड्यांची माहिती मात्र तपासणी-इतिहासाबरोबर पाहता येते. ती जरूर पाहावी. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि केवळ असे काम बाकी आहे म्हणून एमओटीत गाडी नापास होत नाही.

भारतात खासगी गाडीचा असा इतिहास मिळत नाही, कारण तशी तपासणीच होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे टॅक्सी, टेम्पो, बस अशा व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षे चालते आणि मधल्या काळात तिचे ब्रेक कसे आहेत हे कोणतीही सरकारी यंत्रणा पाहत नाही. नियमाने होते ती पीयूसी, आणि तीत फक्त धूर मोजला जातो. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षाने आणि जुन्यांना सहा महिन्यांनी करावी लागते. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, फिटनेस, विमा व पीयूसीची मुदत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे कळते. थकलेली ई-चलने वेगळी तपासावी लागतात. हे सगळे उपयोगाचे आहे, पण त्यातून वर्षागणिक मीटरचे आकडे मिळत नाहीत.

म्हणून पुण्यात, नाशकात किंवा पणजीत जुनी गाडी घेणाऱ्याला ती मालिका स्वतः जोडावी लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबरावर गाडीची सगळी कामे आणि त्या-त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला बरोबर नेले तर त्या नोंदीची प्रत मिळू शकते. सर्व्हिसिंग बाहेर सुरू झाले तिथून ही मालिका तुटते, आणि पुढचा शोध बिलांवर. विम्याच्या जुन्या प्रतींवर नो-क्लेम बोनस लिहिलेला असतो. तो शून्यावर आला असेल तर आधीच्या वर्षी बहुधा दावा झाला आहे, म्हणजे अपघाताची चौकशी करायला हवी. मात्र हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे ५० टक्के बोनस दिसला म्हणून गाडीला पाच वर्षांत ओरखडाही आलेला नाही असे ठरत नाही, तो आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २०१९ ची, वीस हजार किलोमीटर चाललेली म्हणून दाखवलेली गाडी २०२३ च्या टायरांवर उभी असेल तर पहिले टायर इतक्या लवकर का संपले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

महाराष्ट्रात आणखी एक तपास आवश्यक आहे, पाण्याचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकायला काढता येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर न दिसणाऱ्या टोकाला गढूळ पाण्याची रेषा सापडते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातला बारीक गाळ आणि हेडलाइटच्या आत साचलेला ओलावा याही खुणा आहेत. गाडीचा आधीचा जिल्हा आणि पुराची तारीख जुळत असेल तर त्या वर्षाची विम्याची प्रत मागावी.

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिची पहिली खरी सरकारी तपासणी नव्या मालकाच्या वाट्याला येते. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवण्याआधी फिटनेसची तपासणी पार करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तेव्हा अशी गाडी घेताना ब्रेक, सस्पेन्शन, चॅसीचा गंज, दिवे आणि धूर या सगळ्यांची दुरुस्ती किती पडेल याचा अंदाज मेकॅनिककडून आधीच घ्यावा आणि नूतनीकरणाचा खर्च त्यात मिळवून मगच भाव ठरवावा. नोंदणी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतात. ही प्रक्रिया पूर्ण होऊन आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने गाडी जुन्याच मालकाची राहते, आणि तिच्यामुळे काही घडले तर जबाबदारीही त्याचीच.